मागची घागर

"सर, नंबर लागला. बाईंना लगेच घेऊन या," एवढे बोलून सुग्रीवने फोन ठेवला, आणि अर्जुनरावांचा चष्मा पुसणारा हात होता तिथेच थांबला. गेले कित्येक महिने ज्या वाक्यासाठी ते कान टवकारून होते, ते वाक्य अखेर आले होते. आनंद व्हावा, तर तो न होता छातीत कसलीशी खरखर सुरू झाली. आटलेल्या विहिरीत दोर सोडला की बादली तळच्या दगडावर घासत जाते, तशी. उंबऱ्याशी पाटावर वत्सलाबाई बसल्या होत्या. सुजलेले पाय पुढे पसरून, कढीपत्त्याची पाने डहाळीवरून एकेक करून उतरवत. त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी अंग काढून घेतल्याला आता वर्ष होत आले होते. आठवड्यातून दोनदा यंत्रावर निजून रक्त धुऊन घ्यावे लागे. त्यासाठी बीडहून अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता, एसटीतले धक्के, आणि परतताना खिडकीला टेकलेले त्यांचे पिवळे कपाळ. बीडमध्येही यंत्रे होती, पण मोजकी, आणि प्रत्येक यंत्राला माणसे नेमून दिलेली. नव्या माणसाला तिथे कायमची जागा मिळायची, तर जुन्यांपैकी कोणाची तरी रिकामी व्हावी लागे. आणि या आजारात बरे होऊन जागा रिकामी करणारा कोणी नसतो. हे अर्जुनरावांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक असूनही ते रोज सकाळी फोनकडे पाहत होते. म्हणजे ते नेमके कशाची वाट पाहत होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि वाद घालण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हा एकच वाद का टाळावा, याचेही उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

"कुणाचा फोन?"

"दवाखान्याचा. नंबर लागला आपला."

वत्सलाबाईंनी डहाळी सुपात ठेवली. "कोण गेलं?"

"तसं काही बोलला नाही तो."

"तुमी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

रिक्षात बसल्यावर तो 'नंबर' शब्द अर्जुनरावांच्या डोक्यात माशीसारखा घोंघावू लागला. सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात उभी हयात काढलेल्या या माणसाला शब्द नीटनेटका लागे. कचेरीतल्या फलकांवर त्यांनी अट्टहासाने 'क्रमांक' लिहून घेतले होते, आणि एका वार्षिक सभेत त्यावरून चांगलीच खडाजंगीही केली होती. तेव्हा मागच्या ओळीतून कोणीतरी ओरडले होते, "साहेब, क्रमांक राहू द्या तुमच्या फळ्यावर. बांधावर नंबरच चालतो!" सभा हसली होती. तेव्हा त्यांना तो अडाणीपणा वाटला होता. पण आज, सुभाष रोडच्या गर्दीत रिक्षा अडली असताना, त्यांना वाटले, की तो माणूस बरोबर होता. क्रमांक येतो, दिला जातो, लिहिला जातो. तो लागत नाही. लागतो तो नंबर. ऊन लागते, दृष्ट लागते, ठसका लागतो, आग लागते, त्यांच्याच पंगतीत बसणारा हा परका शब्द, इथल्या उन्हात तापून काळा पडलेला. शाळेत हजेरीचा नंबर होता. नाव घेण्याआधी मास्तर तो घेत. जमिनीला सर्वे नंबर होता. भावाभावांत कोर्टकचेरी झाली, की जमीन राहायची बाजूला आणि तोंडी नंबरच उरायचा. डोळ्यांचा नंबर दरवर्षी वाढत होता. मुलगी बघून आलेले लोक 'एक नंबर' म्हणत, आणि वरून आलेल्या पैशाला हळूच 'दोन नंबर' म्हणत. म्हणजे सद्गुण आणि पाप या दोहोंत या लोकांनी एकाच अंकाचे अंतर ठेवले होते. आणि पारावर बसलेली म्हातारी माणसे, त्यांच्यातला एखादा दिसेनासा झाला की बिडी विझवता विझवता म्हणत, "लागला त्येचा नंबर." रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. पुढे पाण्याचा टँकर आडवा झाला होता आणि त्याच्यामागे रंगीबेरंगी घागरी, डबे, हंडे यांची शेपटी थेट गल्लीत वळली होती. माणसे सावलीला उभी होती. उन्हात उभी होती ती भांडी. माणसाच्या वतीने भांड्याने रांगेत उभे राहायचे, आणि त्या भांड्याला सगळ्यांनी माणसाइतकेच मानायचे, ही या मुलखाची जुनी रीत. घागर नसेल तर दगड चालतो. दगडाला कोणी लाथ मारत नाही.

"आसारामच्या शेतावर बी अशीच लाईन लागायची," वत्सलाबाई बाहेर पाहत म्हणाल्या. "बोअरला पानी व्हतं तवा."

या घरात आसाराम हे नाव देवघरातल्या निरांजनासारखे जपून हाताळले जाई. आसाराम वत्सलाबाईंचा पाठचा भाऊ. वडवणीकडचा, थट्टेखोर, उसाच्या फडात शिरला की बांधापलीकडे ऐकू जाणारा आवाज काढणारा. त्या दुष्काळाच्या साली कारखान्याच्या पट्ट्यातला सगळाच ऊस उभ्या उभ्या वाळत होता. तोडणीच्या टोळ्या थोड्या, फड अमाप. लागणीच्या तारखेप्रमाणे प्रत्येकाच्या तोडीचा नंबर ठरलेला, आणि ती सगळी सूत्रे अर्जुनरावांच्या हाती. संचालकांचे फोन येत, पुढाऱ्यांच्या जीपा येत, आणि हा माणूस सगळ्यांना एकच उत्तर देई: नंबर आला की टोळी येईल. मग एक दिवस आसाराम घरी आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "दाजी, माज्या फडाच्या शेजारी टोळी हाय. एका बांधाचं अंतर. ती इकडं कावून वळत न्हाई?" अर्जुनराव म्हणाले होते, "तुझ्या आधी अकरा जण आहेत, आसाराम." "त्या अकरांत तुमची बायकू कुणाची भैन हाय?" यावर अर्जुनरावांनी त्याला सहकाराचे तत्त्व समजावून सांगितले होते. सविस्तर, मुद्देसूद, उदाहरणांसह. आत स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज मध्येच बंद पडला होता आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नव्हता. आसारामचा ऊस वाळला. त्याने तो जनावरांच्या छावणीला घातला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. पुढच्या भाऊबीजेला वत्सलाबाईंनी ताट केले, निरांजन लावले, चंद्राला ओवाळले आणि ताट उचलून ठेवले. दरवर्षी तसेच. एका शब्दाने त्या नवऱ्याला कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर अर्जुनरावांनी प्रतिवाद केला असता. त्यांच्यापाशी सगळे मुद्दे तयार होते. ते मुद्दे इतकी वर्षे तसेच पडून राहिले होते, गिऱ्हाईक न आलेल्या दुकानातल्या मालासारखे.

दवाखान्याच्या जिन्याखाली रतनबाई बसली होती, पाण्याचा मोठा रिकामा डबा शेजारी ठेवून. तिला पाहिल्याबरोबर कोण गेले ते दोघांनाही कळले. तिचा नवरा, सिरसाळ्याकडचा सटवा धनगर. उंच, वाळकुडा, यंत्रावर निजतानाही डोईचे मुंडासे न सोडणारा. अंबाजोगाईला निघण्याआधी एखाद्या फटीत जागा मिळेल म्हणून अर्जुनराव नवरा-बायको इथे कितीदा तरी येऊन बसले होते, आणि त्या बसण्यात सटवाने वत्सलाबाईंना मेंढ्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. वत्सलाबाई भिंतीचा आधार घेत जिन्याखाली वाकल्या, आणि रतनबाईने आपले डोके त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर टेकले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दिस उगवताना गेले. मी वर घोंगडी ठिवून आल्ते नंबराला. आज पाळी व्हती त्येंची. ठिवून खाली आले तर…" मग पदराने तोंड पुसून, एकदम घरच्या बाईच्या व्यवहारी आवाजात म्हणाली, "गाडी यायलीय न्यायला. पन ताई, गावात टँकर परवाच्याला. घरात अंगुळीपुरतं पानी न्हाई. माणसाला न्हाऊ घालायचं हाय, दारात माणसं जमतील. कसं करू?"

वत्सलाबाईंनी वर, नवऱ्याकडे पाहिले. अर्जुनराव "पाहतो काहीतरी" असे पुटपुटले. त्यांचे लक्ष जिन्याच्या वरच्या टोकाला होते.

वर, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बोळात, भिंतीकडेने रोज वस्तूंची रांग लागे. कोणाचा दिवस कोणता हे ठरलेले असले, तरी त्या दिवशी आधी आत कोणी जायचे, ते पहाटे ठेवलेल्या पिशव्या-बाटल्यांवरून ठरे. आणि ज्यांना अजून कायमची जागा मिळाली नव्हती ते शेपटीला आपली वस्तू ठेवून दिवसभर बसत, न जाणो एखादा आलाच नाही तर. सकाळची मंडळी आत गेली होती. भिंतीकडेला आता दोनच वस्तू होत्या. पुढे सटवाची काळी घोंगडी, नीट चौघडी घातलेली. ती कोणी उचलली नव्हती, सरकवलीही नव्हती. आणि तिच्या बरेच मागे फुलाफुलांची एक कापडी पिशवी. ती छबुबाईची होती, हे अर्जुनरावांना ठाऊक होते. छबुबाई धारूरकडची, विधवा, सुया टोचून टोचून हात काळेनिळे झालेली. प्रतीक्षेच्या यादीत तिचे नाव त्यांच्या आधी लागले होते. किती आधी तेही त्यांना ठाऊक होते, कारण या गोष्टी त्यांच्या लक्षात राहत. ती बाकावर बसली होती, आणि त्यांना पाहून तिने तोंडभर हसून जागा केली.

वत्सलाबाईंनी आपली बाटली ठेवलेली थैली, सवयीने, फुलाफुलांच्या पिशवीमागे ठेवली.

यंत्रे सांभाळणारा सुग्रीव बाहेर आला आणि अर्जुनरावांना बाजूला घेऊन गेला. "सर, आटपा. मशीन धुऊन तयार हाय."

"यादीत आमच्या आधी छबुबाई आहे," अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप आले, शिंकेसारखे.

"हाय ना. ठाव हाय मला." सुग्रीवने इकडेतिकडे पाहिले. "सर, त्या साली माज्या बापाचा ऊस तुमी नंबरानं तोडला. बाप साधा माणूस, ना पुढारी वळखीचा, ना संचालक. दुसरा कोनी असता तर आमचं पाचट झालं असतं. त्या बिलावर मी लातूरला शिकलो. बाप अजून म्हनतो, अर्जुनराव व्हते म्हणून. आता तुमच्यावर पाळी आलीय, तर मी गप बसू का?"

अर्जुनराव त्या पोरगेल्या, प्रामाणिक चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी नंबर मोडला नाही, म्हणून हा मुलगा आज त्यांच्यासाठी नंबर मोडत होता. ज्या धान्याला कीड लागू दिली नाही, त्याचीच ही पेर. एखाद्या सभेत कोणी हे उदाहरण दिले असते, तर त्यांनी त्यातली विसंगती शांतपणे दाखवून दिली असती. पण सभा नव्हती. बोळ होता, फिनेलचा वास होता, आणि बाकावर बसलेली त्यांची बायको तोंड उघडे ठेवून श्वास घेत होती, ओठांच्या कडा निळसर. अंबाजोगाईचा रस्ता त्यांना दिसला, केजच्या पुढचे खड्डे दिसले, खिडकीला टेकलेले ते कपाळ दिसले. आणि त्यांना वाटले, एकदा. फक्त एकदाच. एक बांध ओलांडून टोळी इकडे वळू दे. कोणाला काही सांगावे लागणार नाही. छबुबाईला यादी वाचता येत नाही. हे शेवटचे वाक्य मनात उमटले तेव्हा त्यांना आपल्या हाताला चिकट काहीतरी लागल्यासारखे झाले आणि त्यांनी नकळत तळवा पँटला पुसला. पण ते सुग्रीवला "नको" म्हणाले नाहीत.

बाकाजवळ येऊन ते म्हणाले, "चल. आत बोलावलंय."

"झाला का ताईचा नंबर?" छबुबाई म्हणाली. "लई बरं झालं बाई. त्या एसटीनंच अर्ध्या झाल्यात."

वत्सलाबाई उठल्या नाहीत. "फुडं कोन व्हतं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही," अर्जुनराव म्हणाले.

बोळात पंखा फिरत होता. वत्सलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे तोंड वाद घालताना पाहिले होते, चुका काढताना पाहिले होते, आणि एका संध्याकाळी त्यांच्या सख्ख्या भावाला सहकाराचे तत्त्व समजावतानाही पाहिले होते. खोटे बोलताना पाहत होत्या त्या पहिल्यांदाच. अर्जुनरावांच्या कानाची पाळी लाल झाली होती. आपला चष्मा धूसर झाला आहे हे त्यांना कळत होते. पण तो काढून पुसण्याचा धीर होईना. त्यांना वाटले, आता ती बोलेल. आता इतक्या वर्षांचे एकदम बाहेर येईल, आणि त्याला उत्तर म्हणून आपल्यापाशी एकही मुद्दा उरलेला नाही.

वत्सलाबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. भिंत धरत धरत रांगेपाशी गेल्या, वाकल्या आणि छबुबाईची फुलाफुलांची पिशवी हाताने ढकलत सटवाच्या घोंगडीला भिडवली. मग तशाच वाकलेल्या स्थितीत, धापा टाकत म्हणाल्या, "जा गं. तुजा नंबर हाय."

"अवो ताई, येड्या का काय! तुमचे पाय बघा की."

"तुजे बी काही हरणाचे न्हाईत. ऊठ."

"मला कुनी सांगितलं न्हाई माजा नंबर हाय म्हणून."

"मी सांगायलेय न्हवं?"

सुग्रीव दारातून पुढे आला. "बाई, असं न्हाई करता येत."

"कावून न्हाई करता येत?" वत्सलाबाईंनी मान वर केली. "तुजा बाप भला माणूस हाय. त्येला इचार जाऊन, येतं का न्हाई."

सुग्रीव खाली बघू लागला. छबुबाईने एकदा अर्जुनरावांकडे पाहिले. तिला काय कळले, काय नाही, कोण जाणे; पण तिचे हसू मावळले आणि तिने घाईघाईने पदर डोक्यावरून घेतला, एखाद्या मोठ्या घरात पाऊल टाकताना घ्यावा तसा. दार तिच्यामागे लागले.

वत्सलाबाई बाकावर येऊन बसल्या. अर्जुनराव उभेच होते. "मी…" त्यांनी सुरुवात केली.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन बोललात. माज्यासाठी बोललात." त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या निळसर ओठांच्या कडेला, कित्येक भाऊबिजांत न दिसलेले, काहीतरी हलले. "बास, तेवढं पुरं झालं मला. आता वाढवू नका ते." मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आमच्या गावात पान्याच्या रांगेत कुनाच्या घरी मयत झाली, तर त्येची घागर कुनी बाहेर काढीत नसत. सुतकातली बाई तर हिरीला शिवायची न्हाई. मग तिची घागर आधी भरायची. कुनी भरायची, ठाव हाय? जिची घागर तिच्या मागं तिनं. जिचा नंबर फुडं सरकला तिनं. भरून दारात नेऊन ठिवायची, आन मग आपली." त्यांनी दम घेतला. "छबू तर आत गेली. आता मागं आपन हाय."

अर्जुनरावांनी सटवाची घोंगडी उचलली. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि तिला मेंढ्यांचा, धुराचा, उन्हाचा वास येत होता. जिना उतरता उतरता त्यांनी फोन काढला. हा आकडा त्यांनी कधी लावला नव्हता, पण विसरलेही नव्हते. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला आणि मग तोच बांधापलीकडे जाणारा आवाज, थोडा चिरकलेला.

"कोन?"

"मी. अर्जुन." आणि तो काही बोलण्याआधीच, मुद्दे न मांडता, प्रस्तावना न करता, "आसाराम, तुझ्या ताईला आत्ता अंबाजोगाईला न्यायचंय. ती एसटीत टिकणार नाही आज. तुझी जीप घेऊन ये."

ट्रॅक्टर बंद झाला. "आरं वा," आसाराम म्हणाला. "आज आमचा नंबर आला म्हनायचा! कितवा हाय, दाजी? आमच्या आदी अकरा जन असतील की."

"कोणी नाही," अर्जुनराव म्हणाले. या खेपेला त्यांच्या कानाची पाळी लाल झाली नाही.

पलीकडे जीपच्या किल्ल्या खुळखुळल्या. "तिला काही खाऊ घाला तवर," मग आवाज आला. "निगालोच."

दवाखान्याच्या मागे एक पाइप होता. यंत्रांसाठी पाणी गाळले जाई, आणि गाळून उरलेले, यंत्राला नको असलेले पाणी त्या पाइपातून दिवसभर वाहत राही. या दुष्काळात आसपासच्या वस्तीची घागरींची रांग तिथेही लागलेली असे. अर्जुनरावांनी रतनबाईकडून तिचा मोठा डबा मागून घेतला आणि घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती छातीशी धरली. पाइपापाशी आले तेव्हा रांग उन्हात चमकत होती, दगड, बाटल्या, एक फुटकी बादली. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणतीही रांग मोडली नव्हती. ते शेवटच्या दगडापाशी क्षणभर थांबले. मग सगळ्या रांगेच्या कडेने चालत पुढे गेले आणि त्यांनी आपला डबा धारेखाली धरला.

"ओ काका!" एक बाई सावलीतून ओरडली. "नंबर हाय हितं! डोळे हायत का न्हाई?"

"सुतकाचं पाणी आहे," अर्जुनराव म्हणाले.

एवढेच. ती बाई आली, तिने वाकून धारेखालची आपली अर्धी भरलेली घागर बाजूला ओढली, आणि डब्याचे तोंड धारेखाली नीट बसवून दिले. दुसरीने न सांगता झाकण विसळले. पाणी डब्यात उंच आवाजात पडू लागले आणि हळूहळू तो आवाज खोल होत गेला. अर्जुनरावांच्या इस्त्रीच्या पँटवर शिंतोडे उडत होते. रस्त्यावर वडवणीच्या बाजूला धुळीखेरीज अजून काही दिसत नव्हते.

"तुमचं कोन गेलं, काका?" बाईने हलक्या आवाजात विचारले.

अर्जुनरावांनी नेमका शब्द शोधला. आयुष्यभर शोधत आले होते तसाच.

"माझ्या पुढचे," ते म्हणाले.

बाईने मान हलवली, हेही एक नातेच असल्यासारखी, आणि डब्याचा दुसरा कान उचलायला हात पुढे केला.